देवगड, तिसरा गुरुवार

ओरोसहून पहिल्या एसटीनं येते मी.
पिशवीत ठोकळे, स्टॉपवॉच, चित्रांची वही
आणि मागे रबर असलेली पेन्सिल.
ग्रामीण रुग्णालयात एक्स-रेच्या शेजारची खोली,
पंखा कुरकुरतो म्हणून बंद.
समोर मोतीराम खवणेकर, तांडेल,
वय चौऱ्याहत्तर, शिक्षण दुसरी.
सोबत मुलगी शेवंती. तिनं उत्तरं सांगू नयेत
म्हणून तिला मागे बसवते, भिंतीला लागून.

पाच शब्द देते. लक्षात ठेवा, परत विचारीन.
घंटा. लिंबू. रुमाल. पूल. कंदील.
ते शब्द घोळवतात पानासारखे
या गालातून त्या गालात.

शंभरातून सात गेले?
"कोणी न्हेले?"
मी हसत नाही.
पुस्तिकेत लिहिलंय, चेहरा कोरा ठेवावा.

एका मिनिटात प्राण्यांची नावं.
बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, बांगडा,
मोरी, कर्ली, सुरमय
(मासे चालतात, नियमात बसतात),
बांगडा.
मग उरलेले तीस सेकंद खिडकीकडे बघणं.
नावं सात. पुनरावृत्ती दोन.

घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
बारा आकडे एकाच अंगाला दाटले,
पावसाळ्यात खाडीत ओढून ठेवलेल्या होड्यांसारखे.
मला उपमा सुचते.
उपमेला गुण नाहीत.

आज तारीख?
"सप्तमी," ते म्हणाले, एकदम ताठ बसून.
"भांगाचा पाणी. आज जाळा मारून फायदो नाय."

मी सोलापूरची. पाणी घागरीनं मोजलेली.
किती बरं वाटलं मला!
समासात लिहिलं, तारीख चूक, तिथी बरोबर,
आणि अर्धा गुण दिला, जो कुठल्याच पुस्तिकेत नाही.
वाटलं, या माणसाच्या आत
एक वेगळं घड्याळ नीट चालू आहे,
आपला कागदच अडाणी.

पाच शब्दांपैकी आले दोन, लिंबू आणि पूल.
बाकीचे?
"बाकीचे तू खंय दिलंस?"

चारच्या एसटीला वेळ होता, जेटीवर गेले.
पाणी शेवटच्या पायरीच्या वर,
नांगरलेल्या होड्या माझ्या खांद्याएवढ्या उंच.
जाळं तुणणाऱ्या पोराला विचारलं, आज भांग ना रे?
त्यानं सुई दातांत धरली, माझ्याकडे पाहिलं.
"पुनव काल झाली, बाई. उधाण असा."

तिथंच बसून अर्धा गुण खोडला.
रबराचा चुरा वाऱ्यानं नेला.
समासातलं वाक्य मात्र पुसट उरलं,
मी पेन्सिल फार दाबून लिहिते.

अहवालात लिहिलं ते सरळ लिहिलं.
स्मृती, स्थलकालभान, नियोजन,
प्रत्येकापुढे आकडा, आकड्यापुढे टक्केवारी.
एकट्यानं समुद्रात पाठवू नये, हे शेवटी.
शेवंतीनं विचारलं होतं, "पण ते बोलतत कसे बराबर!"
तेही लिहिलं,
मोकळी जागा स्वतःच भरून काढतात,
आणि ऐकणाऱ्याला पटेल अशी.

पुढचा तिसरा गुरुवार.
शेवंती एकटी आली, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन.
तोंड ओढलेलं, झोप नसलेली.
"रात्री उठतत. पेटी उघडतत, उशी झाडतत.
रुमाल होयो म्हणतत.
आमच्या घरात रुमाल कोण वापरता? पंचो असा."

पाच मिनिटांनी विचारायचं असतं.
महिन्यानं, मध्यरात्री,
आपणहून आलेल्या उत्तराला
रकाना नाही माझ्याकडे.

"खंयचो रुमाल गे तो?" तिनं विचारलं.
मी पंखा लावला.
तो कुरकुरत राहिला.
तिला सांगता आलं नाही
की तो माझा आहे.