हीटर

लिलावाचा कागद आधी आला,
जोंगा नंतर, ट्रकवर दोरांनी बांधलेली,
आंबेतच्या पुलावरून, रात्रीची.

आधी छप्पर बांधावं, मग गाडी घ्यावी.
मी उलटं केलं;
सुपारी वाळवायची पडवी गेली.

गॅरेजवाले नाही म्हणाले.
हर्णै बंदरावरचा दाऊद मुकादम आला,
ज्यानं जन्मभर होड्यांचीच इंजिनं उघडली.
बॉनेटला कान लावून म्हणाला,
"खोकला आहे. मरण नाही."

ब्रेकचा सिलेंडर पंजाबातून निघालाय,
श्रावणापासून निघालाय.
खाऱ्या वाऱ्यानं पत्रा रात्रीत फुलतो,
म्हणून चासीला उंडीचं तेल, होडीला लावतात तसं.
आख्ख्या आळीला वास.
बायको विचारते, पाण्यात कधी सोडताय?

हिरवा खरवडला तर खाली वाळूचा रंग,
त्याखाली पुन्हा हिरवा.
नंबरातल्या बाणाला हात लावला नाही.
आरटीओ लावायला लावेल, तेव्हा बघू.

काल सुरू झाली.
हॉर्न नाही, दिवे नाहीत, वायपर तर नाहीच.
चालला तो हीटर.
वैशाखात, हर्णैला.

जाळीतून ऊन वाऱ्याबरोबर
सुईएवढं वाळकं पान मांडीवर पडलं.
"सुरूचं?" दाऊद.
त्यानं वास घेतला. सुरूचं नव्हतं.
कुठलं, मलाही सांगता येईना.

घामानं निथळत बसलो दोघे
बंद करायचा खटका सापडेपर्यंत,
आणि सापडल्यावरही
थोडा वेळ.