वयानं लहान डोंगर

तुमसरची बस फाट्यावर सोडून गेली.
धूळ खाली बसेपर्यंत अंतकलाबाई कोडवते
माझ्या पायांकडेच बघत होत्या.
"ह्या चपलेनं चढाल का जी?"

खदान बंद पडून किती वर्षं झाली, कुणी नीट सांगत नाही.
शाळेची घंटा म्हणजे ट्रॉलीच्या रुळाचा हातभर तुकडा.
नाल्यावर आडवे टाकलेले दोन रूळ, तोच पूल.
बाकीचे कुठे गेले?
"घराघरात पाहा. कोनाच्या आढ्याले, कोनाच्या मांडवाले."

वजनकाट्याच्या खोलीला छप्पर नाही.
काटा होता तिथं आता तेंदूचं झाड,
आणि भिंतीवर कोळशानं मांडलेली बेरीज,
हातचा एक
अजून वर लटकलेला.

मग ऐन, धावडा, सुकल्या पानांचा आवाज.
एका मोहानं दोराची लोखंडी कडी गिळली आहे.
तोंडात काय आहे दाखव म्हटल्यावर
पोर ओठ घट्ट मिटतं, तसं त्याचं खोड.
वाटेत एक काळा दगड उचलला मी, आठवण म्हणून.
मुठीएवढा. मूठ खाली ओढणारा.

अर्ध्या चढावर धाप लागली, बसले.
विचारलं, किती जुना असेल हा डोंगर?
(डोक्यात भूगोलाचं पुस्तक, कोट्यवधी वर्षं वगैरे.)
त्यांनी चारं चघळली, बिया पदराच्या गाठीत ठेवल्या.
"हा? हा माह्याहून लहान हाय.
मी नांदाले आली तवा इथं बैलं चरत होते.
खदानीतली माती आमीच आनून टाकली,
मी, देवांगना, भागरता, तिची ननंद.
टोपलीमागं एक चिंचोका देत होता मुकादम,
सांजेले मोजून पैसे."

माथ्यावर, सागाच्या गर्दीत, एकटीच चिंच.
"एका सांजेले हिसाब कमी भरला.
भागरतानं ओंजळभर चिंचोके
मुकादमाच्या तोंडावर फेकले."
आणि?
"आनि काय. दुसऱ्या दिवशी तिले काम नाही."
त्यांनी खालची फांदी वाकवून पाहिली,
चिंचा पोरांनी आधीच नेल्या होत्या.

दगड मी पिशवीत टाकला होता.
त्यांनी पाहिलं होतं. काही म्हणाल्या नाहीत.
उतार लागला तेव्हा फक्त
माझ्या हातातली पिशवी घेतली
आणि चालता चालता, सवयीनं,
डोक्यावर ठेवली.