कॉड्सवॉलप

अर्धांगवायूनंतर सेप्टिमस डाउसकडे
एकच शब्द उरला.
ग्रिम्सबीच्या गोदीवर ज्यानं चाळीस वर्षं
पहाटे पाचला मासळीचा लिलाव पुकारला,
त्याच्या तोंडात आता आकडे नाहीत,
बायकोचं नाव नाही, पाणी नाही,
‘हो’ नाही, ‘नको’ नाही.
आहे फक्त कॉड्सवॉलप.

म्हणजे थापा. बाता. काहीच्या बाही.
ज्याला शेंडा ना बुडखा.
हवामानखात्याला तो हेच म्हणायचा,
पाद्र्याच्या प्रवचनाला,
धाकट्या जावयाच्या धंद्याच्या बेतांना,
आणि बर्फाखाली शिळा हॅडक लपवणाऱ्या
त्या दोघा भावांना तर तोंडावर, भर बाजारात.

शब्द आला कुठून, कोणी धड सांगत नाही.
म्हणे गोटीच्या सोड्याची बाटली काढणारा
कुणी कॉड होता, त्याच्या पाणचट पेयावरून.
पुरावा विचारला की खांदे उडवतात.
म्हणजे ही कथाही तसलीच.

वाचा सुधारायला येते ती मुलगी, नेरिस,
चित्रांचे पत्ते मांडते. कप. कुत्रा. खिडकी.
कॉड्सवॉलप, कॉड्सवॉलप, कॉड्सवॉलप.
वहीत ती तीन शून्यं काढते.
स्वयंपाकघरातून विनिफ्रेड म्हणते,
“दुसरा बरोबर होता हो.
आमच्या कुत्रीला हाक मारताना
त्याचा आवाज असाच वर चढायचा.”

तिला येते ही भाषा.
शेवट आपटला, की चहात साखर कमी.
मधेच ओढला, की उशी सरकलीय.
दोनदा, घाईघाईनं, म्हणजे लघवी.
आणि रात्री दिवा मालवल्यावर
अगदी हळू, जवळजवळ नुसता श्वास,
त्याचा अर्थ ती नेरिसला सांगत नाही.

काल नेव्हिल आला लिंकनहून, थोरला.
कोटही न काढता पलंगाशी वाकून
बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला,
“बाबा, ईस्टरपर्यंत तुम्ही पळायला लागाल!”

सेप्टिमसनं त्याच्याकडे पाहिलं.
मग विनिफ्रेडकडे.
आणि जिभेवर नीट तोलून, लिलावातली
शेवटची बोली सोडावी तसा
म्हणाला तो शब्द,
शब्दकोशात दिलेल्या अर्थानं.

विनिफ्रेडच्या हातून बशी निसटली.
हसून हसून दोघांना ठसका लागला,
आणि नेव्हिल बिचारा विचारत राहिला,
काय म्हणाले? काय म्हणाले?