फक्त असेंबलरला सांगून

मुसाकाजीच्या बंदरावरचा बर्फ कारखाना
हंगामाला नऊ दिवस असताना बंद पडला.
पावसकरांनी चिप माझ्या तळहातावर ठेवली,
पडलेला दात ठेवावा तशी.
पोटाला काचेची खिडकी, तिच्यावर पांढरी पट्टी,
पट्टीवर झिजलेली शाई : ९४. ह. म.
"हसनमियाँ मजगावकर. राजापुरात रेडिओ दुरुस्त करायचे.
सगळं वहीत लिहिलेलं होतं. वही पुरात गेली."

वाचली चिप. चार हजार शहाण्णव घरं,
बहुतेक एफएफ, एफएफ, एफएफ,
ओहोटीची पुळण.
पहिल्या घरात एक उडी. मग रिकामं.
मग शून्य-बीला दुसरी उडी,
कारण घड्याळाचा टोला पडला की
एक्कावन्नच्या घराण्यातला प्रत्येक प्रोसेसर
तिथंच धावतो, दुसरीकडे नाही.
म्हणजे तिथं त्यांनी ऑर्ग लिहिलं होतं.

ऑर्ग चिपमध्ये नसतं.
ते असेंबलरला सांगायचं : आता इथून मांड.
सांगून झालं की संपलं.
ओळंबा कुठल्याच भिंतीत चिणलेला नसतो.
तरी माझ्या बापाने रचलेले चिरे बघून
मी सांगते, त्या दिवशी वारा होता की नव्हता.

इक्यूची तर एवढीही खूण नाही.
तेहतीस नंबरच्या घराला ते काही म्हणत असतील,
खारं पाणी, किंवा उणे आठ, किंवा नुसतं थंड.
चिपला तेहतीसच ठाऊक.

बिटचंही तेच. पोर्ट एक, पाचवी तार.
ती तार चिमटीत धरून मी चालत गेले
कॉम्प्रेसरच्या मागून, अमोनिया डोळ्यांत घेत,
कॅनच्या रांगेवरून, भिंतीच्या भोकातून,
थेट राखणदाराच्या खोलीत.
खाटेच्या उशाशी घंटा.
पहाटे तीनला लाद्या धरल्या की चिप त्याला हाक मारायची.
मी त्या तारेचं नाव ठेवलं : ऊठ.

यूजिंग एक. हे मला कधीच आवडलेलं नाही.
वाटतं बँक बदलली, बदललेलं काही नसतं.
असेंबलर नुसता पत्त्यांचा हिशेब त्या बँकेने धरतो,
बदलायची ती आपणच, वेगळ्या हुकमाने.
माझं "हो, करते" असंच असतं. आईला विचारा.

चौथ्या रात्री
कोड संपल्यावर फार लांब, पुळणीच्या टोकाला,
शून्य एफ शून्य शून्यपाशी
पाच घरं भरलेली.
डीबी! ते तेवढं वेगळं,
सांगतं ते चिपमध्ये उतरतं.
अक्षरं लावली : फैजा.

एकही उडी तिथं जात नाही.
एकही हुकूम ते वाचत नाही.
तीस वर्षं, सेकंदाला लाखो हुकूम,
आणि प्रोसेसर त्या बाजूला फिरकलेला नाही.

"लाँचचं नाव असेल," पावसकर म्हणाले. "नाहीतर मुलीचं."
"मुलगी नव्हती त्यांना," गणू शिर्सेकर म्हणाला,
खाटेवरून न उठता.
"लाँच तर नव्हतीच नव्हती."

नवी फाइल लिहिली. शून्यावर ऑर्ग, शून्य-बीवर ऑर्ग.
एंडच्या आधी हात थांबला.
"नको ते काढा बाई, जागा वाचेल."
जागा?
तीन हजार घरं ओसाड पडलीत.

लिहिलं : ऑर्ग, शून्य एफ शून्य शून्य.
खाली डीबी, अवतरणात ती पाच अक्षरं,
पुढे अर्धविराम आणि माझी टीप :
माहीत नाही. राहू दे.
टीपही चिपमध्ये जात नाही.
एंड.

पहाटे तीनला घंटा वाजली.
गणू शिर्सेकर शिव्या देत उठला.