अंगठा

जानेवारीत पहिला तास अंधारातच भरतो.
खिडक्या काळ्या, खाली खाडीचं पाणी काळं,
आणि सातवी-आठवीची मिळून अकरा तोंडं
खालून उजळलेली,
गव्हाणीच्या चित्रात बाळाभोवतीची उजळतात तशी.
फक्त इथे बाळ नाही. काच आहे.

"फोन खोक्यात," मी म्हणते.
खोका सुक्या माशांचा, जुना.
अजून वास येतो, म्हणून मुली नाक धरून टाकतात.

त्या बुधवारी दहाच फोन पडले.

धर्मशिक्षणाच्या तासाला मी तक्ता लावलेला,
राजधानीतून आलेला, चकचकीत:
पासवर्ड सांगू नका. अनोळखी माणसाशी बोलू नका.
अनोळखी!
चारशे वस्तीच्या या फॅरो गावात
शेवटचा अनोळखी माणूस टपालाच्या बोटीतून उतरला
आणि आता तो आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवतो.
आमच्या मुलांना भीती असेल तर ओळखीच्यांची.

रविवारी ट्रोंदूरने वाचन केलं होतं.
तो 'प'पाशी अडतो.
'प' आला की दाराला बाहेरून कडी लागते
आणि तो आतून ढकलत राहतो, मान लाल होईपर्यंत.
मंडळी थांबली. बोटींची वाट बघणारी माणसं,
त्यांना थांबता येतं.
मागच्या बाकावरच्या कुणालातरी नाही आलं.
अकरा सेकंदं. त्यावर कोंबडीचा आवाज चिकटवलेला.
सोमवारी तोर्शहाव्न, मंगळवारी कोपनहेगन,
बुधवारी ट्रोंदूरचं बाक रिकामं.

मी घसा खाकरला. जिभेचा पाठ काढला:
एवढंसं सुकाणू, केवढं जहाज फिरवतं.
मग आजोबांचं सांगितलं,
दोर फेकण्याआधी बघावं
पलीकडे हात आहेत की नुसतंच डोकं.
छान चाललं होतं. मला माझाच आवाज आवडायला लागला होता.

सुन्वाने हात वर केला.
"बाई, तुम्हीपण पाहिलात ना तो?"

पाहिला.
नुसता पाहिला नाही,
बहिणीला पुढे ढकलला, सोमवारी रात्री साडेदहाला,
प्रार्थना झाल्यावर, दिवा मालवण्याआधी,
त्याच अंथरुणात, त्याच हातांनी.
खाली एक चेहरा, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारा.
उचलला अंगठा, लावला काचेला.

हे सगळं मी त्यांना सांगितलं.
अंथरुणाचं सोडून.
नंतर तेही सांगितलं.

मुलं रागावली असती तर बरं झालं असतं.
ती ओशाळली, माझ्यासाठी.
बेइनता हळूच म्हणाली,
"तो हसणारा चेहरा सरळ होता की कलंडलेला?"
कलंडलेला, मी म्हटलं.
तिने मान हलवली, डॉक्टरांसारखी.

मी माझा फोन खिशातून काढून खोक्यात टाकला.
वरचाच कुणाचातरी थरथरला. कुणी बघितलं नाही.

मधल्या सुट्टीत बहिणीला लिहिलं: काढून टाक.
तिचं उत्तर: अगं, ऑफिसात सगळ्यांना दाखवून झाला.

संध्याकाळी गेले. म्हणजे तीन वाजता,
उजेड संपता संपता.
मेंढीचं मांस वाळत घालतात त्या फटीफटींच्या खोपट्यात
ट्रोंदूर एकटाच, हात थंडीने निळे.
दार त्याने अर्धंच उघडलं.
वीस वर्षं मी मुलांना पश्चात्ताप शिकवते,
व्याख्या फळ्यावर लिहून देते, परीक्षेत विचारते.
आणि त्या दारात मला 'म' येईना.
"म…" मी म्हटलं. "म…"

तो हसला नाही. घाई केली नाही.
माझ्याऐवजी शब्द पुरा करायलाही धावला नाही,
लोक त्याच्यासाठी धावतात तसा.
वाऱ्यात दार धरून उभा राहिला,
त्याला माहीत होतं
कितीही वेळ लागू शकतो.

तक्ता अजून भिंतीवर आहे.
खालच्या कोपऱ्याचा खिळा निघालाय.