कोनमापक

दांडिया बाजारातल्या माझ्या क्लिनिकात
भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत.
खानविलकरांचा उजवा हात
नवरात्रात इथवर, दिवाळीत इथवर,
काल बोटभर वर.
"अजून किती दिवस?" ते विचारतात.
मी दिवस कधीच सांगत नाही.
दुखेल, म्हणते. उद्या या.

आता मलाच जायचंय.
तेरा आठवडे भुज, तेरा सिल्वासा,
जमलं तर मस्कत.
एक बॅग, एक कोनमापक,
आणि अनोळखी गुडघे.

अलकापुरीतल्या काचेच्या ऑफिसात
खुर्चीआधी आकडा मिळाला.
"रहेवानं फ्री, खावानं फ्री,
बेन, तुम्ही फक्त हो बोला."
करारातलं सातवं पान कुठंय?
"झेरॉक्समध्ये राहिलं असेल."
आणि त्याचं पेन टेबलावरून
माझ्याकडे सरकत आलं,
विश्वामित्रीतल्या मगरीसारखं,
पाणी न हलवता.

दुसरी फोनवर अकरा वेळा डिअर म्हणाली.
(मोजणं हाच माझा धंदा.)
शेवटी तिने माझं नाव विचारलं.

आई म्हणते, माणूस ओळखीतला बघ.
ओळखीतल्यानेच ना, आई,
मंजिरीताईची सर्टिफिकिटं
आठ महिने कपाटात कोंडली?
आई गप्प.
रोटलीवर तूप जरा जास्त पडलं.

रावपुऱ्यात, पोस्टासमोरचा जिना, तिसरा मजला.
नाझनीन वोरा.
मी खुर्ची ओढली, तीही उजव्या हाताने,
एवढंच तिने पाहिलं.
"डावा अंगठा? मुळाशी?"
सहा वर्षं दुसऱ्यांचे खांदे दाबताना
माझ्या मनगटाचं काय झालं
हे कुणी विचारलं नव्हतं.

"भुजला रोज बावीस पेशंट. हात जाईल तुझा.
सिल्वासात चौदा. पैसे कमी."
आणि खोली?
"मी पाहिलेली नाही."
सातवं पान होतं.
वाईट गोष्टी त्यावरच होत्या, ठळक टायपात.
मग तिने एका चिठ्ठीवर नंबर लिहिला:
"ही तिथून पळून आलेली पोरगी.
मला शिव्या देईल. पूर्ण ऐक."

दिल्याच तिने, दहा मिनिटं,
सुरती आणि सणसणीत.
मग थांबली.
"पण न्यायला रात्री दोन वाजता तीच आली होती.
खिचडीचा डबा घेऊन."

सही अजून केलेली नाही.
चिठ्ठी कोनमापकाच्या पेटीत आहे.

आज खानविलकर म्हणाले,
तुम्ही गेलात तर रेघ कोण मारणार?

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.
उजव्या.