हाव

बेसा रोडच्या मागं लेआउट पडलाय, घरं अजून पडायची आहेत.
चुना मारलेल्या दगडांवर नुसते प्लॉटांचे नंबर.
तिथं मी पहाटे साडेपाचला,
डोक्याला दुपट्टा, हातात रिकामा पट्टा,
फुटाण्या, ये! ये ना रे! ये बे!

फुटाणा सत्तावीस नंबरवर.
फुटाणा एकसष्टवर.
फुटाणा आता नंबर न पडलेल्या मुलखात
एका टिटवीच्या मागं, जी त्याला मुद्दाम
अंड्यांपासून लांब नेतेय
आणि तो जातोय, इमानदारीनं,
तिच्या प्रत्येक हाकेला धावत.
माझ्या नाही.

शालिकरामजी उईके, श्वानपथकातून रिटायर,
टपरीवर पोह्यांवर तर्री ओतून घेत
चार दिवस हे बघत होते.
पाचव्या दिवशी म्हणाले,
"कुत्रा बहिरा नाही जी, मॅडम.
शब्द मेला तुमचा.
'ये' म्हटल्यावर काय होते त्याचं?"

मी आठवून बघितलं.
ये, म्हणजे पट्टा.
ये, म्हणजे आंघोळ, गोचिडांचं औषध, सुई.
ये, म्हणजे मी बँकेत चालले
आणि तू सहा वाजेपर्यंत कूलरच्या घरघरीत कोंडलेला.
दिवसातून वीसदा ये
आणि एकदाही मजा नाही.
मीसुद्धा नसते आले.

"नवा शब्द आणा. कोरा.
ज्याच्यावर कोणी चिडलं नाही असा."

घरात शोधला.
'चल' वापरून चपटा झालेला.
'शाब्बास' माझ्या तोंडी ऑडिटच्या शेऱ्यासारखा.
मग त्यांच्याशीच फोनवर बोलताना
हाव जी, हाव, म्हणाले
आणि खाटेखालून दोन कान वर आले.

हाव.
माझी पुण्याची जाऊ हसते या शब्दाला,
तिच्याकडे हाव म्हणजे लोभ,
आमच्याकडे हो.
फुटाण्याला दोन्ही चालतं.

जिच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं ती मी
रात्री कलेजी उकडते, नखाएवढे तुकडे करते.
आधी स्वयंपाकघर ते हॉल. हाव, तुकडा.
मग अंगण. मग तीस फुटी दोर,
ज्यानं माझ्या तळव्यावर
एक नवी रेषा काढली, ज्योतिषालाही न कळणारी.
"धरता येणार नसेल तर बोलवायचंच नाही," शालिकरामजी म्हणाले,
"खात्यात नाही अन् चेक फाडला, तर पुढं कोण घेईल?"
हे मला पटकन समजलं.

मे लागला. दोर सोडला.
तो चाळीस नंबरपाशी, पलीकडे नाल्यात डुकरं.
एकदाच म्हणाले. हाव.
तो थांबला. मान माझ्याकडे, पाय नाल्याकडे,
पाठीच्या केसांत दोन इच्छांची ओढाताण
मला इथून दिसत होती.

डुकरं जिंकली.

बारा नंबरच्या दगडावर बसून राहिले.
ऊन चढलं, दगड तापला, टपरीवरचे पोहे संपले.
पाऊण तासानं आला, पोटापर्यंत काळा,
तोंडात कुणाची तरी एक चप्पल.

आणि माझ्या गळ्यापाशी आला तो आमच्या घराण्याचा राग.
आम्हा बहिणींना उशीर झाला की बाबा दारात उभे,
मनगटावरचं घड्याळ आमच्याकडे वळवून.
म्हणून आम्ही पुढं पुढं
आणखी उशिरा यायला लागलो.

गिळला.
कडू होता, कलेजीपेक्षा.
मूठ उघडली. वाळून गेलेला तुकडा.
हाव, म्हणाले, आवाज शक्य तेवढा सणाचा ठेवून.
त्यानं चप्पल माझ्या पायाशी टाकली,
तुकडा घेतला, मग तळवा चाटला,
दोराच्या रेषेसकट.

टपरीवाल्यानं शटर ओढलं.
शालिकरामजींनी लांबूनच प्रश्न केला,
आला का?
हाव, मी ओरडले,
आणि फुटाणा, जो आलेलाच होता,
पुन्हा एकदा आला.